पहिल्या पंगतीचे जावई

विमानतळावर चेक-इनच्या एका काउंटरपुढे साधारण चार बाय सहाचा लाल गालिचा टाकलेला असतो. गालिचा आपलं म्हणायचं. मंगल कार्यालयात नवरानवरीच्या वाटेवर अंथरतात त्याच ठाणातलं ते कापड. एक कोपरा कायमचा दुमडलेला, मधोमध बॅगांच्या चाकांचे काळे ओरखडे. शेजारच्या काउंटरांपुढे नुसती फरशी. या कापडावर पाय ठेवता यावा म्हणून गेल्या वर्षी मी बावन्न विमानं पकडली आणि त्यातल्या बहुतेकांसाठी पहाटे तीनला उठलो.

मी गोल्ड आहे. कारखान्यात माझं पद ‘विक्रीपश्चात सेवा’ असं आहे. म्हणजे आम्ही विकलेला पंप कुठे बंद पडला की तिथे जाऊन शिव्या खायच्या. पंप बंद पडतात ते शक्यतो उत्तरेत आणि शक्यतो रविवारी रात्री, त्यामुळे सोमवारचं पहिलं विमान माझं. तिकिटाचे पैसे कारखाना भरतो, शिव्या गिऱ्हाईक देतं आणि गोल्ड मात्र मी होतो. इतका उदार हिशेब दुसऱ्या कुठल्या धंद्यात मी पाहिलेला नाही.

आमच्याकडे लग्नात पहिली पंगत व्याह्यांची आणि जावयांची. जिलबी तीच, मठ्ठा तोच, अळूची भाजीही त्याच पातेल्यातली. पण या पंगतीला यजमान स्वतः वाकून आग्रह करतो, आणि मुख्य म्हणजे बाकीची मंडळी दाराशी उभी राहून ‘हे कधी उठताहेत’ म्हणून बघत असतात. अर्धी चव त्या बघण्यात असते. दाराशी कोणीच नसेल तर पहिल्या पंगतीचा जावई आणि खानावळीतला मेंबर यांत फरक तो काय! विमान कंपन्यांनी हे बरोबर हेरलं आणि आम्हाला जावई करून घेतलं. फक्त खऱ्या जावयाला तीन वर्षांतून एकदा धोंड्याच्या महिन्यात न मागता वाण मिळतं आणि जावईपद तहहयात असतं. इथे दर वर्षी नव्याने बोहल्यावर चढावं लागतं, तेही प्रसंगी स्वखर्चाने.

ही कल्पना अमेरिकेतली. तिथे १९७८ साली विमानांच्या भाड्यांवरचं आणि मार्गांवरचं सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि एकाच गावाला जाणाऱ्या चार कंपन्या एकाच गिऱ्हाइकाच्या मागे लागल्या. खुर्च्या सगळ्यांच्याच अरुंद, मग माणूस बांधून ठेवायचा कशाने? अमेरिकन एअरलाइन्सने आरक्षणाच्या संगणकात पुन्हा पुन्हा दिसणारी मंडळी हुडकली आणि त्यांच्या नावावर मैल जमा करायला सुरुवात केली. तारीख होती १ मे १९८१. पंचांग बघून काढल्यासारखा मुहूर्त! जगभर कामगार दिन, आपल्याकडे वर महाराष्ट्र दिन. मालकाच्या कामासाठी पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाला ‘तू कामगार नव्हेस, तू गोल्ड आहेस’ हे सांगायला याहून योग्य दिवस नव्हता. पुढे आपल्याकडे मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले तेही १ मेलाच, २०१७ साली. दिवा गेला, गालिचा उरला. तो निदान आमच्यासारख्यांनाही परवडतो.

मैलांसाठी माणूस काय करू शकतो याचा नमुना १९९९ साली कॅलिफोर्नियात निघाला. खाद्यपदार्थांच्या एका कंपनीने पाकिटांच्या लेबलांवर विमानाचे मैल देऊ केले होते. एका स्थापत्य अभियंत्याने हिशेब मांडला, सगळ्यात स्वस्त काय ते पाहिलं आणि पुडिंगच्या १२,१५० वाट्या विकत घेतल्या. लेबलं सोलायला घरची माणसं पुरेनात, तेव्हा त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दिलं आणि बदल्यात त्यांच्या स्वयंसेवकांकडून लेबलं सोलून घेतली. बारा लाखांवर मैल मिळाले, शिवाय दानाचं पुण्य. आमच्या पंथात या गृहस्थाचं नाव टोपी काढून घेतात. आता बऱ्याच कंपन्या मैल मोजणं सोडून तुम्ही उधळलेले पैसे मोजतात. म्हणजे तपश्चर्येचा मार्ग बंद होऊन दक्षिणेचा सुरू झाला. देवळांत हे आधीच झालेलं असल्यामुळे आपल्याकडे कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

तर परवाचा सोमवार. पहाटेचे साडेचार. गालिच्याच्या रांगेत आम्ही सहा जण, सहाही जण फोनमध्ये डोकं घालून. या रांगेत प्रत्येकाला आपण सोडून बाकीचे चुकून आलेले आहेत असं वाटत असतं. माझा शर्ट चुरगळलेला, हातातल्या पिशवीत पंपाचं सील. पुढच्या गृहस्थांनी वळून पाहिलं आणि सौजन्याने म्हणाले, “ही प्रायॉरिटीची लाइन आहे हं.”

मी फोनवरचं कार्ड दाखवलं.

“प्लॅटिनम का?”

“नाही, गोल्ड.”

“अच्छा,” ते म्हणाले. मुलगा इंजिनिअर नसून डिप्लोमा आहे हे कळल्यावर मुलीचे वडील म्हणतात तसं.

हे प्लॅटिनम काउंटरवर पोचले आणि रांग थांबली. त्यांच्याजवळ चार बॅगा होत्या आणि त्यांना मिळणाऱ्या जादा वजनाहूनही त्या सहा किलोंनी जादा होत्या. “तुम्हाला माहितेय मी वर्षाला किती फ्लाय करतो?” इथून सुरुवात झाली आणि बॅगा गालिच्यावर उघडण्यात शेवट झाला. गालिच्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. एका बॅगेतली भाकरवडीची पाकिटं दुसऱ्या बॅगेत गेली, दुसरीतले बूट तिसरीत गेले, मग पुन्हा वजन, मग पुन्हा भाकरवडी मूळ गावी परत. काउंटरवरची मुलगी शांतपणे हसत होती. ते हसू तिच्या ड्युटीइतक्याच लांबीचं असावं.

शेजारची फरशीवरची रांग तोवर पाण्यासारखी वाहत होती. तिकडच्या बहुतेकांनी घरूनच फोनवर चेक-इन उरकलेलं, सामान पट्ट्यावर ठेवायचं आणि चालू लागायचं. मी आलो तेव्हा त्या रांगेच्या शेपटाला सुतळीने आवळलेलं एक बाचकं घेऊन नऊवारीतल्या एक आजी उभ्या होत्या. आता त्या माझ्या बरोबरीला आल्या. मधे फक्त एक निळा पट्टा.

“दादा,” त्यांनी विचारलं, “तिकडं काय येगळं मिळतं?”

“प्राधान्य मिळतं, आजी.”

“म्हंजी?”

“म्हणजे आपला नंबर आधी लागतो.”

आजींनी माझ्याकडे पाहिलं. गालिच्यावर पसरलेल्या भाकरवडीकडे पाहिलं. मग “बरं” म्हणाल्या आणि दोन पावलं पुढे सरकल्या.

काउंटरवर त्यांचं बाचकं वजनकाट्यावर चढलं. चौदा किलो नऊशे. पंधराला शंभर ग्रॅम कमी. “गिरणीत मोजून आणलंय,” त्यांनी मुलीला सांगितलं, “नातवानं फोनवर काय ते केलंय, बघ बाई.” अर्ध्या मिनिटात आजी मोकळ्या.

आता कोणी म्हणेल, मग तुम्ही पट्ट्याखालून वाकून पलीकडे का नाही गेलात? पाच मिनिटांत सुटला असतात. हे ज्याच्याजवळ कार्ड नाही असाच माणूस म्हणू शकतो. बावन्न विमानं पकडून मिळवलेला गालिचा सोडून सगळ्यांदेखत फरशीवर उतरायचं? आमच्या सहांपैकी एकही जण हलला नाही. उलट आम्ही फोनमधून डोकी वर काढून शेजारच्या रांगेकडे पाहू लागलो, काठावर बसून पोहणाऱ्यांकडे बघावं तसं. शेवटी माझा नंबर लागला. मुलीने माझ्या बॅगेच्या मुठीला ‘प्रायॉरिटी’ लिहिलेली नारिंगी पट्टी बांधली. गाठ मारताना ती मला नावाने ‘सर’ म्हणाली. बायको गेल्या वीस वर्षांत मला नावानेही काही म्हणालेली नाही, नुसतं ‘ऐकलं का’.

लाउंजबद्दल फार लिहीत नाही. क्रेडिट कार्ड घासून दोन रुपयांत उपमा मिळतो ही बातमी जेव्हा घरोघरी गेली तेव्हाच लाउंज संपला. आता बाहेर त्याचीच रांग असते, आणि ती बघून माझ्यासारखा माणूस शांतपणे बाहेरच्या टपरीवजा दुकानातून दीडशे रुपयांचा चहा घेतो. सगळेच जावई झाले तर पंगतीला वाढायचं कोणी?

खरा सोहळा गेटवर. “आमचे प्लॅटिनम आणि गोल्ड सदस्य आता पुढे येऊ शकतात,” अशी घोषणा झाली की निम्मं गेट उभं राहतं आणि उरलेलं निम्मं आपण कोण आहोत हे फोनमध्ये तपासू लागतं. मी पहिल्या पाचांत होतो. जिना उतरलो. खाली बस.

या बसचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. विमान लांब उभं असलं की सगळ्यांना बसने नेतात, आणि बस भरल्याशिवाय हलत नाही. जो पहिला चढतो तो मागच्यांच्या रेट्याने आत आत जात पलीकडच्या बंद दाराच्या काचेला चिकटतो. गोल्डचं नाक काचेला, प्लॅटिनमचं कोपर गोल्डच्या बरगडीत. वीस मिनिटं आम्ही दोघं त्या अवस्थेत एकमेकांच्या आफ्टरशेव्हचा वास घेत उभे होतो. बाहेर सगळे चढून झाले, दार लागणार एवढ्यात कोणाचा तरी हात धरून आजी आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. बस विमानाजवळ थांबली तेव्हा दार उघडलं ते त्यांच्याच बाजूचं. आजी पहिल्या उतरल्या, आम्ही शेवटचे. विमानात शिरलो तर डोक्यावरचे कप्पे फुल्ल. पंपाचं सील मांडीवर घेऊन दिल्ली गाठली.

घरी या सगळ्याचं कौतुक नाही. मागल्या डिसेंबरात संगणकाने मला कळवलं की आणखी दोन प्रवास झाले नाहीत तर मी पुन्हा सिल्व्हर होणार. त्या आठवड्यात उत्तरेतले सगळे पंप व्यवस्थित चालत होते. माणसाने काय करावं? मी स्वतःच्या पैशाने पुणे-गोवा-पुणे तिकीट काढलं. मोपाला उतरलो, उभ्याउभ्या सोलकढी प्यालो, परतीचं विमान पकडलं. रात्री घरी आलो तर बायको म्हणाली, “गोव्याला गेलात आणि काजूसुद्धा आणले नाहीत?” तिला दर्जा म्हणजे काय ते समजवायचा प्रयत्न केला. तिने मुकाट्याने परात पुढे ओढली आणि परातीला चिकटलेली कणीक एका चकचकीत कार्डाने खरवडू लागली. ते माझं पहिलं प्लॅटिनम. ती कंपनी एका एप्रिलमध्ये जमिनीवर उतरली ती उडालीच नाही. कार्डाची धार अजून उत्तम आहे.

तर दिल्ली. सामानाच्या पट्ट्याजवळ मी मुद्दाम तोंडाशी जाऊन उभा राहिलो, कारण नारिंगी पट्टीवाल्या बॅगा आधी येतात असं आम्हाला लेखी दिलेलं आहे. पट्टा सुरू झाला. पहिलं आलं ते सुतळीचं बाचकं.

“दादा, तुमी मोकळंच हाय, जरा उचला की,” आजी म्हणाल्या. उचलून ट्रॉलीवर ठेवलं. ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, आणि एका डब्यात लाडू. मुलगा फौजेत, सुनेला इकडची भाकरी सोसत नाही पण नातवाला लागते, अशी सगळी हकिकत झाली. त्यांचा मुलगा बाहेर थांबला होता, तरी त्या हलेनात.

“तुमचं येईस्तवर थांबते,” म्हणाल्या. “एकटंच कुठं उभं ऱ्हायचं?”

त्यांनी डबा उघडून माझ्या हातावर दोन लाडू ठेवले. प्लॅटिनम पलीकडे उभे होते, त्यांनाही एक गेला. त्यांनी तो नुसत्या हाताने घेतला. भाकरवडी मात्र काढली नाही. एकेक करून सगळ्यांच्या बॅगा आल्या. विमानातली मंडळी पांगली, मुलं ट्रॉल्यांवर बसून ढकलली गेली, पट्टा रिकामा फिरू लागला. मग पडदा हलला आणि माझी नारिंगी पट्टी बाहेर आली.

एकटीच. गाठीसकट. बॅग अजून आतच होती.

“आली बगा तुमची,” आजी म्हणाल्या.