इटालियन शिकण्याचा सशास्त्र विधी

इटालियन शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम एक कोरी वही आणावी, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'चाओ' लिहावे आणि अर्धी भाषा आली असे समजून चहा घ्यावा. ही समजूत दुसऱ्या पानापर्यंत टिकते. तिथे उपपदे सुरू होतात.

इंग्रजीचे एका 'द'वर भागते. इटालियनला त्यासाठी इल, लो, ला, ल, ई, ल्यी, ले एवढे मनुष्यबळ लागते. मीठ आणि साखर दोन्ही पुल्लिंगी, पण मीठ 'इल साले' आणि साखर 'लो त्सुक्केरो', कारण शब्दाच्या सुरुवातीला कोणते व्यंजन आहे ते पाहून उपपद बदलते. प्राध्यापक 'इल', विद्यार्थी मात्र 'लो स्तुदेन्ते'.

लिंगाबाबत पुस्तके सांगतात की शेवटी 'ओ' असेल तर पुल्लिंग, 'आ' असेल तर स्त्रीलिंग. यावर विश्वास ठेवावा, पण फार नाही. हात, म्हणजे 'मानो', स्त्रीलिंगी आहे आणि 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी. अंड्याचा प्रकार तर विलक्षणच. एक अंडे, 'उओवो', पुल्लिंगी. डझनभर घेतली की ती 'उओवा' होतात आणि स्त्रीलिंगी ठरतात. तो पाट, ती खुर्ची आणि ते टेबल हे ज्याने बालपणी कारण न विचारता मान्य केले, त्याने इथे कुरकुर करू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. मराठी माणूस इटालियन शिकायला निघतो तो इंग्रजीच्या दारातून, आणि घरचा ऐवज बाहेर ठेवून आत जातो.

जोडव्यंजनांचेच घ्या. 'आन्नो' म्हणजे वर्ष. त्यातला एक 'न' गाळला तर उरतो तो शरीराचा असा भाग, ज्याची संख्या अनोळखी लोकांना सांगायची नसते. इटालियनमध्ये वय सांगताना अमुक इतकी वर्षे आपल्याजवळ 'आहेत' असे म्हणतात, त्यामुळे या एका 'न'वर बरीच अब्रू अवलंबून असते. 'पेन्ने' हा पास्ता मागतानाही तीच दक्षता घ्यावी. कच्चा, पक्का, गल्ली असे शब्द रोज ठणठणीत उच्चारणाऱ्याला हे जड जाऊ नये. पण तोच माणूस रोमन लिपीतली दोन अक्षरे पाहिली की इंग्रजीच्या सवयीने त्यांतले एक खाऊन टाकतो.

तीच गत आवडीनिवडीची. 'आय लाइक'वरून गणित मांडणाऱ्याला 'मी पिआचे' उमजायला महिने लागतात. मराठीवरून आलेल्याने फक्त 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' आठवावे. इटालियन क्रियापदही असेच आवडणाऱ्या वस्तूच्या मागे चालते. 'स्पागेत्ती' अनेकवचनी, म्हणून 'मी पिआच्चोनो'. आणि हा 'मी' म्हणजे चक्क आपला 'मला'. तो गेला, ती गेली यातला फरकही तिथे आहेच: 'आंदातो', 'आंदाता'.

आदरार्थी बोलण्यासाठी मात्र जरा धैर्य हवे. समोर मिशीवाले गृहस्थ असले तरी त्यांना 'लेई' म्हणावे लागते, आणि एरवी 'लेई'चा अर्थ 'ती'. 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीला हे परकीय आणि लाचार वाटले. तिने 'लेई' हटवून 'व्होई' लादले. 'लेई' नावाच्या एका महिला साप्ताहिकालाही नाव बदलून 'आन्नाबेल्ला' व्हावे लागले. राजवट गेली, 'लेई' राहिली.

या 'लेई'ला आज्ञा करायची तर क्रियापदाचे 'कोंजुन्तीव्हो' रूप लागते. ते चुकले तर घाबरू नये. 1975 च्या 'फांतोत्सी' या चित्रपटात दोन कारकून टेनिस खेळताना एकमेकांशी अदबीने बोलू पाहतात आणि हेच रूप चुकवतात. त्या प्रसंगावर इटली अजूनही हसते, कारण तिथल्या अनेकांचेही ते चुकते.

अंतिम परीक्षा 'बार'मध्ये असते. तिथे दारूही मिळते, पण परीक्षा कॉफीची. 'काफे' मागितल्यास दोन घोटांत संपणारी एस्प्रेसो मिळेल. 'लात्ते' मागणाऱ्यास निव्वळ दूध मिळेल. तक्रार करू नये, मागितले तेच दिले आहे. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावी लागते. कॉफी उभ्यानेच प्यावी, पर्यटकांच्या चौकात टेबलाशी बसल्यास खुर्चीचाही हिशेब होतो. जेवणानंतर कापुचीनो मागायला कायद्याची हरकत नाही. वाढणाऱ्याच्या भुवया मात्र कायद्याने चालत नाहीत.

पिझ्झ्याच्या दुकानात शाकाहारी उमेदवाराने 'पेपेरोनी' पाहून पळू नये. इटलीत ती ढोबळी मिरची असते. नेपल्सच्या 'मारिनारा'तही दर्यावर्दी नावापलीकडे काही नसते: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचे तेल, चीजसुद्धा नाही. मात्र 'आच्चूगे' हा शब्द दिसला की पुढची ओळ वाचावी. तो मासा असतो.