कितीला आणलं?

पोळा फुटला की लोह्यातल्या घराघरांत पळवापळवी सुरू होते. कारण आठवड्याभरात महालक्ष्म्या यायच्या असतात. अनुराधेला येतात, ज्येष्ठेला जेवतात, मुळावर जातात. मुक्काम तीन दिवसांचा, पण त्यासाठी घर आठवडाभर आधीपासून उचकटलेलं असतं.

"आरास घरच्या घरीच करायची," असं आई दरवर्षी जाहीर करते. याचा अर्थ एवढाच, की आता घरातली कुठलीही वस्तू कुणाचीही राहिलेली नाही. खाली वडिलांची आरामखुर्ची, बाजूला गव्हाच्या कोठ्या, त्यांवर माझी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि सगळ्यांवर आजोबांचं धोतर, की झाल्या पायऱ्या. सरस्वतीच्या डोक्यावर लक्ष्मी बसते ती अशी. "पुस्तकांनी कुणाला तरी वर चढवलं म्हणायचं," असं वडील माझ्याकडे न बघता म्हणतात.

मागचा पडदा बायकोच्या शालूचा. "अहो, नुसती टाचणी लावा, ओढू नका," असं ती खालून सांगत असते आणि मी स्टुलावर उभा राहून तोंडात टाचण्या धरून "हूं हूं" करत असतो. कमानीला लटकतात ते लाल-पिवळे गोंडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैलांसाठी घेतलेले. पोळ्याला बैलांच्या गळ्यात, पुढच्या आठवड्यात लक्ष्म्यांच्या डोक्यावर. शिंगांना लावून उरलेल्या बेगडाचीच चांदण्यांची नक्षी होते. बैलांनी अजून तक्रार केलेली नाही.

पूर्वी कमान थर्माकोलची असायची. तिचे पांढरे मणी दिवाळीपर्यंत वरणात निघायचे. 2018 साली सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली आणि माळ्यावरच्या फ्रिजच्या खोक्याचं नशीब उघडलं. गेल्या वर्षी रंग जरा पातळ लागला, तर ऐन देवीच्या मस्तकावर "जपून हाताळा, उलटे ठेवू नये" अशी अक्षरं उमटली. दर्शनाला आलेल्या एका आजोबांनी तो उपदेश समजून हात जोडले.

खरी कसोटी फुलोऱ्याची. करंज्या, पापड्या, कणकेची वेणी, फणी, कुंकवाचा करंडा, सगळं तळून दोऱ्याने लाकडी चौकटीला टांगायचं. पापडीला आधीच भोक पाडावं लागतं. पण कढईत गेली की ती फुगते आणि भोक बुजून जातं. मग सुई घातली, की पापडीचे तुकडे. म्हणून आई भोक करंगळीएवढं पाडते. मोडलेल्या पापड्या पोरांच्या. फुलोऱ्याचं काम चालू असताना पोरं "मदत करूलालाव" म्हणत सुई जोरात का खुपसतात, ते त्यावरून कळावं.

हल्ली नांदेडच्या बाजारात तयार मखरं मिळतात. ती हातची वाटावीत म्हणून त्यांना मुद्दाम वाकडे टाके घातलेले असतात. इकडे आई एकेक टाका उसवून सरळ घालते, विकतचा वाटावा म्हणून.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येतात. गल्लीतल्या एक काकू नाकाला पदर लावून आरास खालीवर न्याहाळतात आणि विचारतात, "कितीला आणलं वो वहिनी?"

आईचा चेहरा असा काही फुलतो, की बस. ती चांगला चढा आकडा सांगते.

"अगं बया!" काकू म्हणतात, "एवढ्या पैशात तर घरीच झालं असतं की!"