कान नाही, पातेलं भर

"काय गं, काल सांजच्याला तुमच्या न्हाणीत ठोकाठोक चालली होती. फरशी बदलायलेत का?"

"फरशी कुठली काकू! प्लंबर आला होता, माप घ्यायला. गिझर बसवायचाय. आमच्या घरातला पहिलाच. हे म्हणायले, रोज सकाळी तुराट्या जाळून हंडा तापवायचं आता पुरे."

"पुरेच की. डिसेंबरात नांदेडचा पारा खाली उतरला की परातीत हात घालवत नाही. मग घेतला का?"

"कुठलं! वजिराबादेत दुकानं फिरून पाय दुखायले. एक म्हणतो विजेचा घ्या, दुसरा म्हणतो गॅसचा, तिसरा म्हणतो छतावर सोलर बसवा, जन्माची काळजी मिटली. घरी आलो तर सासूबाई म्हणायल्या, तांब्याचा बंबच आणा, कशाला ती भानगड."

"सासूबाई काही वावगं बोलल्या नाहीत. माझ्या माहेरी, लातूरला, बंब होता. मधी नळकांडं, भोवती पाणी, बुडाशी जाळी. वरून तुराटी टाका, पऱ्हाटी टाका, गवऱ्या टाका, कोळसा टाका, त्याची ना नसायची. नरसाळ्यातून थंड ओतलं की तेवढंच गरम तोटीतून बाहेर. अट एकच, रिकाम्या बंबात जाळ करायचा नाही. केला की डाख सुटला अन् बंब गेला डाख लावणाऱ्याकडं."

"पण त्याच्यापाशी कोणीतरी बसावं लागतं की."

"तीच तर गोम हाय. सगळ्यांच्या आंघोळी होईस्तोवर घरातली एक बाई बंबाची चाकर. कोण बाई, ते तुला सांगायला नको. माझा भाचा पोलंडात हाय ना, क्राकोवला, तो सांगत होता. तिकडं घर तापवायला कोळशाची आपोआप चालणारी शेगडी असती. एका पेटीत कोळसा भरून ठेवायचा, खालचं मळसूत्र फिरतं, थोडा थोडा कोळसा पुढं ढकलतं, पंखा वारा घालतो. दोन-चार दिवस बघायचं काम नाही."

"म्हंजे ऑटोमॅटिक बंबच म्हणा!"

"हाव, पण पुढचं ऐक. तिला कोळसा एका मापाच्या बारीक दाण्याचा लागतो. मोठा ढेकूळ आला की मळसूत्र अडकलं. ओला आला की पेटी तुंबली. राख काढायची ती काढायचीच. अन् वीज गेली की पंखा बंद, मळसूत्र बंद, कोळसा पेटीत असून शेगडी गार. आता तर क्राकोव शहरात १ सप्टेंबर २०१९ पासून कोळसा अन् लाकूड जाळायलाच बंदी हाय, धुरापायी."

"मग त्या लोकांनी घेतली तरी कामून?"

"सुख हायेच ना त्यात! रात्री उठून कोळसा टाकायचं मिटलं. पण बंब मिळंल ते खातो, आपोआप चालणाऱ्याला निवडून घालावं लागतं. तुझ्या गिझरचंही तेच. त्याचं खाणं म्हंजे पाणी. तुम्ही दुकानात काय काय विचारलं?"

"किंमत विचारली, वॉरंटी विचारली. हे तर चांदण्याच मोजत होते. पाच चांदण्यांचाच घ्यायचा म्हणे."

"आमचे हे वीज मंडळातून रिटायर झाले, त्यांना ह्या चांदण्यांचं सगळं पाठ हाय. टाकीतलं तापलेलं पाणी कमीत कमी वीज खाऊन किती गरम राहतं, त्याच्या त्या चांदण्या. चांगल्याच हायेत, घ्याव्यातच. पण बोअरच्या क्षाराचं त्यात काहीच नाही. पाण्याचं विचारलं का कोणी?"

"नाही बा."

"दुकानदारानंही विचारलं नसंल. बरं, तुला ते कोपऱ्यावरच्या घरचं कळलं का? सुनबाईला न्हाणीत चक्कर आली ते?"

"आली होती? मला वाटलं, दिवस गेलेत!"

"सगळ्या गल्लीला तेच वाटलं. कोणी तर चिंचा घेऊन गेलं बघायला. गॅसचा गिझर बसवलाय न्हाणीच्या आत, एवढ्याशा खिडकीला त्यांनी पुठ्ठा लावलेला, थंडी येती म्हणून. जळायला हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास नाही, रंग नाही. माणूस नुसतं झोपल्यासारखं खाली बसतं. नशीब, सासूनं लगेच दार वाजवलं. आता गिझर बाहेरच्या भिंतीला टांगलाय, नळी तेवढी आत."

"आई गं! म्हंजे गॅसचा नकोच."

"तसं नाही. बाहेर मोकळ्या हवेत बसवला, धुराला वाट ठेवली तर तो चांगला, पाणी येतंय तसं तापवून देतो, वीज गेल्याचं भ्या नाही. पण आतली तांब्याची नळी बारीक. बोअरच्या पाण्यानं ती चोंदायला वेळ लागत नाही. म्हणून म्हणते, फिरून फिरून पाण्यावरच यावं लागतं."

"अन् सोलर? आता तर सरकार पैसे देतंय म्हणे. प्रधानमंत्री सूर्यघर. ७८ हजारापर्यंत."

"ती विजेची पाटी वेगळी, ही पाण्याची टाकी वेगळी. २०२४ ला आलेली ती योजना छतावर वीज करणाऱ्या पाट्यांची हाय. ३ किलोवॅटला ७८ हजार, बरोबर. पण आंघोळीचं पाणी तापवायच्या सोलरला त्यातले पैसे नाहीत. दोन्ही छतावरच बसतं, दोघांनाही सोलरच म्हणतात, मग घोटाळा होणारच. माझ्या धाकट्या बहिणीनं लातूरला बसवलंय पाण्याचं."

"चांगलं चाललंय का?"

"पहिल्या हिवाळ्यात फोटो पाठवायची वाफेचे. तिसऱ्या हिवाळ्यात कोमट. तिनं सपाट पेटीचं घेतलं होतं, आत तांब्याच्या बारीक नळ्या. लातूरचं तुला ठाऊकच हाय. नळ रोज कुठला यायला! बोअरवरच सगळा कारभार. काळ्या खडकातलं खोल पाणी, त्यात क्षार भरलेला. पाणी तापलं की क्षार बाहेर पडतो अन् नळीला आतून चिकटतो."

"लातूरला तर रेल्वेनं पाणी आणलं होतं ना?"

"२०१६ ला. मांजरा धरणात पाणी उरलं नाही, अन् मिरजेहून गाडी भरून आली, जलदूत. १२ एप्रिलला पहिली आली, दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. माझी बहीण तेव्हा आंघोळीचं पाणी परातीत धरून झाडाला घालायची. अशा गावात गिझर कुठला चांगला, हे विचारायच्या आधी त्यात कुठलं पाणी जाणार ते विचारायचं. आता तिनं काचेच्या नळ्यांचं बसवलंय. त्यातही क्षार बसतोच, पण नळ्या जाड असत्यात, काढून धुता येतात. दरवर्षी माणूस बोलावती."

"अन् तुमचा नातू लातूरला शिकायला हाय ना, नीटच्या क्लासला? त्यांच्या खोलीत काय हाय?"

"काय असणार, बादलीत सोडायचा रॉड! लातूरच्या खोल्या-खोल्यांत पोरं त्याच्यावरच. घरमालक नको म्हणतो, पोरं गादीखाली लपवतात. मी नातवाला बजावलंय, बादली प्लास्टिकची, अन् बटण बंद करून पिन काढल्याबिगर पाण्यात बोट घालायचं नाही. भौतिकशास्त्रात पैकीच्या पैकी पडतात पोरांना, अन् पाणी तापलं का ते बघायला बोट बुडवतात."

"काकू, मग आम्ही घ्यावं तरी काय?"

"तुमच्याकडं टाक्या किती वर?"

"दोन. एक बोअरची, एक नळाची."

"मग तू लातूरकरांपेक्षा नशीबवान. नळाचं पाणी येतं विष्णुपुरीचं, गोदावरीचं. बोअरपेक्षा कितीतरी हलकं. गिझरला नळाच्याच टाकीची लाइन जोडायची. प्लंबर सोय बघून बोअरची जोडतो, ती न्हाणीला जवळ पडती. पाइप दहा फूट जास्त गेला तरी जाऊ दे."

"अन् हे पंचवीस लिटरचा म्हणतात."

"माणसं तीन. पंधराचा बास. ६० अंशांच्या १५ लिटरात २० अंशांचं १५ मिसळलं की ४० अंशांचं तीस लिटर झालं, दोन बादल्या. वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा तापतो. एकदा पूर्ण तापवायला पाऊण युनिटच्या आतबाहेर. थर्मोस्टॅट साठाच्या वर नेऊ नको, पाणी जितकं कडक तापंल तितका क्षार जास्त. आतमधी मॅग्नेशियमची कांडी असती, टाकी गंजू नये म्हणून ती आधी स्वतः झिजती. ती बघायला वर्षातून एकदा माणूस बोलवायचा. अन् पिन सोळा अँपिअरची हवी, अर्थिंग तपासून. २ किलोवॅटचा गिझर नऊएक अँपिअर ओढतो, टीव्हीच्या बटणावर लावला तर बटण जळतंय."

"इन्व्हर्टरवर चालंल का?"

"घरच्या इन्व्हर्टरवर नाही. लाइट जायच्या आत आंघोळ उरकायची. ते मात्र बंबाला कधी सांगावं लागलं नाही."

"हे सगळं मी घरात बोलले तर हे म्हणतील, काकूंनी कान भरले."

"कान नाही, पातेलं भर. दोन पातेली घे, एकसारखी. एकात बोअरचं, एकात नळाचं. गॅसवर ठेव अन् पार आटव. मग दोन्ही बुडं शेजारी ठेव नवऱ्यापुढं, एका शब्दानं बोलू नको. ज्याच्या बुडाला पांढरी पुटं जास्त, ते पाणी गिझरात जाणार नाही, हे त्यांनाच सुचंल. अन् त्यांनाच सुचलंय असंच राहू दे, नाहीतर उद्या पुन्हा चांदण्या मोजत बसतील!"