जर्मन गाडी, खंबाटकी आणि मेव्हणे

‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर, सगळी सर्व्हिस वेळेवर.’ जुन्या मोटारींचा दलाल हा मंत्र म्हणतो आणि गिऱ्हाईक बॉनेटखाली बघायचं विसरतं. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं, म्हणजे आपल्या कथेतल्या काकांचं, हेच झालं. पंधरा वर्षांची जर्मन सेडान त्यांनी नव्या छोट्या मारुतीच्या निम्म्या किमतीत दारात आणली.

“भाऊजी, इतकी स्वस्त का देतोय, विचारलंत का?” मेव्हण्यांनी नारळ फुटायच्या आत शंका काढली.

“घसारा!” काका विजयी मुद्रेने म्हणाले.

घसारा गाडीला लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासलेल्या माणसाला हे कळायला रत्नागिरीपर्यंत जावं लागलं.

तशी ही जात महाराष्ट्राला नवखी नाही. मर्सिडीज 1995 पासून पुणे परिसरातच जोडली जाते, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात 2001च्या सुमारास स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली, पुढे चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आला. पण जुळणी इथली असली तरी बरेच भाग समुद्र ओलांडून येणारे. वाटेत जहाजभाडं, सीमाशुल्क आणि दुकानदार आपापला वाटा घेतात.

काकांचा पहिला खर्च सरकारी होता. पंधरा वर्षं पूर्ण झाली की खासगी मोटारीची नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. हे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 वर गेलं. वर पर्यावरण कर आणि तपासणी. काकांनी ते हसत भरलं. पावती मिळाली होती आणि बँकेच्या माणसाला पावती मिळाली की दुःख निम्मं होतं.

जूनच्या एका सकाळी काका, काकू आणि मागच्या सीटवर मेव्हणे असे रत्नागिरीला निघाले. खेड-शिवापूरच्या टोलवर फास्टॅग वाचला गेला नाही म्हणून काकांनी काच खाली केली. फास्टॅग वाचला गेला. काच मात्र वर येईना. दाराच्या पोटात खटकन आवाज झाला आणि उरलेली काचही आत गडप झाली.

दोष फार थोर नसतो. तारेच्या दोरीवर सरकणारी काच एका प्लॅस्टिकच्या खुंटीने धरलेली असते. पंधरा उन्हाळ्यांत ती खुंटी ठिसूळ होते. पण दुकानात खुंटी मागितली तर पुष्कळदा सगळी यंत्रणाच घ्यावी लागते.

“हवा छान येतेय,” काका म्हणाले. काकूंनी पदर डोक्यावरून घेतला.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागला. बोगदा उलट दिशेच्या वाहनांसाठी होता. निम्म्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघाला आणि बॉनेटमधून वाफ आली. या गाड्यांत कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, कधी पंपाचं पातंही प्लॅस्टिकचं असतं. नुसतं पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळतं. ग्लायकोल मिसळून दाबाखाली कोंडलं की त्याच्या बरंच पुढे तग धरतं. टाकीला केसाएवढी चीर गेली की दाब जातो आणि इंजिनात चहाचं आधण ठेवल्यासारखी उकळी फुटते.

मेव्हणे झाकण उघडायला धावले. काकूंनी त्यांना दंडाला धरून ओढलं. गरम असताना ते झाकण फिरवलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे त्या कुकरमुळे जाणून होत्या. तासभर तिघं कठड्यावर बसले. शेजारून एक जुनी मारुती टपावर पलंग घेऊन घाट चढून गेली. मेव्हणे काही बोलले नाहीत. नुसते तिच्याकडे बघत राहिले.

कऱ्हाडपर्यंत गाडी पाणी पीत आली. शेवटच्या टप्प्यात तिला उचक्याही लागल्या. तिथल्या मेस्त्रीने टाकीच्या चिरेवर एम-सील थापलं, मग खिशातून स्कॅनर काढून स्टिअरिंगखाली लावला. “सायेब, पी-0302. दोन नंबरचं सिलिंडर मिस मारतंय.” अशा पेट्रोल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉइल असते. त्याने दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर बसवली, इंजिन चालवलं, पुन्हा वाचलं. आता कोड पी-0303. चोर कॉइलसोबत सरकला होता. दोन मिनिटांची तपासणी, शून्य खर्च. काका इतके खूश झाले की नवी कॉइल कऱ्हाडात मिळत नाही, हे त्यांनी ऐकलंच नाही.

“भाऊजी, ऐका,” पुढच्या वाटेवर मेव्हणे मोबाईलवरून वाचू लागले. “फोक्सवॅगनने 2013 साली सात गिअरच्या डीएसजी पेट्यांसाठी सोळा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण, दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे पेटीतली वीज बिघडत होती. म्हणून साधं खनिज तेल भरून दिलं.”

“आपली पेटी ती नव्हे.”

“हवा तीच आहे ना?”

आंबा घाटात पाऊस लागला. काच नसलेल्या खिडकीतून तो थेट काकांच्या मांडीवर. काकूंनी छत्री गाडीतच उघडली. त्याच अवस्थेत, रेंजच्या एका पट्टीवर, काकांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या भागांच्या व्यापाऱ्याला गाठलं. व्यापारी म्हणाला, “चॅसी नंबर सांगा.” एकाच मॉडेलमध्ये महिन्यागणिक भाग बदललेले असतात, त्यामुळे सतरा अक्षर-आकड्यांशिवाय कुणी हूं की चूं करत नाही. काका ओरडून सांगू लागले, “डब्ल्यू! डबेवाल्याचा नव्हे, वॉशिंग्टनचा!” वळणावर रेंज गेली. पुन्हा पहिल्यापासून.

साखरपा, हातखंबा करत गाडी तीन सिलिंडरांवर धापा टाकत रत्नागिरीत पोचली. रात्री व्यापाऱ्याचा संदेश आला: खिडकीची यंत्रणा, कूलंटची टाकी, चारही कॉइल आणि पुढच्या चाकांच्या आर्मचे बुश, जे काकांनी मागितलेच नव्हते. “खड्ड्यांतून गेलात म्हणजे लागणारच,” असं त्याने खाली लिहिलं होतं. बेरीज बघून काका बराच वेळ गप्प होते. मग चष्मा लावून ते शेजारच्या गॅरेजात गेले आणि तासाभराने उत्साहात परतले.

“अगं, तिथे आपल्याच मॉडेलची ठोकलेली गाडी पडलीय. काचा, टाकी, कॉइल सगळं शाबूत. या यादीपेक्षा ती अख्खी गाडी स्वस्त पडतेय!”

मेव्हण्यांनी पानातली सोलकढीची वाटी उचलून तोंडाला लावली, म्हणजे काही बोलावं लागू नये.

“अहो,” काकू म्हणाल्या, “ठेवणार कुठे? वाड्यात एक उभी करायलाच शेजाऱ्यांच्या पाया पडावं लागतं.”

“त्याचं बघू,” काका म्हणाले. “डॉक्टरांचीच आहे म्हणे ती.”