एक मिनिट प्रार्थना करू का?

पौडकडे निघालेली पीएमपीएमएलची बस भूगावच्या कोंडीत अडकली की बाकीचे प्रवासी खिशातून मोबाइल काढतात. ब्रदर शेजाऱ्याच्या गुडघ्याचा विषय काढतात.

ब्रदर म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. पिरंगुट-कासार आंबोलीच्या पट्ट्यात कारखाने आले, त्यांच्या मागोमाग चार जिल्ह्यांतली माणसं आली आणि त्यांत हेही आले. गाव बहुधा नगरकडचं. अमेरिकन मिशन नगरला 1831 सालीच पोहोचलं, त्यामुळे घरातला ख्रिस्ती धर्म पणजोबांपासूनचा. उत्साह मात्र बाप्तिस्मा काल संध्याकाळी झाल्यासारखा. शर्टाच्या खिशात कंपनीचा गेटपास आणि त्याला चिकटून छोटासा नवा करार.

"मावशी, पाय दुखतोय का?"

"दुखतोय की."

"एक मिनिट प्रार्थना करू का?"

मुळशीतली मावशी प्रार्थनेला सहसा नाही म्हणत नाही. डॉक्टर झाला, तेल झालं, आळंदीला जाऊन आली. आता हे राहिलंय तर होऊन जाऊ दे. "करा, पण माझं पिरंगुट आलं की थांबायचं." ब्रदर डोळे मिटतात. आधी स्वर्गीय पित्याचे आभार, मग ड्रायव्हर, कंडक्टर, महाराष्ट्र शासन, रस्त्याचं रुंदीकरण. गुडघ्यापर्यंत पोहोचेतो मावशी त्याच गुडघ्यावर भार देऊन उतरून गेलेली असते. "आमेन" ऐकायला तिच्या जागेवर एक कॉलेजकुमार बसलेला असतो आणि तो कानातली वायर काढून विचारतो, "काय म्हणालात?"

गंमत अशी की, डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना आणि शब्दांचं पाल्हाळ लावणाऱ्यांना चांगलंच सुनावलं आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या या ओळींखाली ब्रदरनी लाल रेघ ओढलेली आहे. दुसऱ्यांसाठी.

पावसाच्या बाबतीत मात्र त्यांची नगरी सवय नडते. तिकडं दुष्काळात वाढलेला माणूस. शेतकरी दिसला की हात वर करून पाऊस मागतो. कासार आंबोलीत भात कापणीला आलेला असताना त्यांनी हे सुरू केलं, तर बांधावरचा आजोबा धावत येणार: "अहो ब्रदर, बास! उघडीप मागा, उघडीप!"

इथंच राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. लेकीला वसतिगृहात सोडून परतणारे आईबाप स्टॉपवर उभे असतात. आई डोळे पुसते, बाप उगाचच बसची पाटी वाचतो. इथं ब्रदरना पाल्हाळ सुचत नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. "मुलीचं नाव काय?" एवढंच विचारतात. पुढची वीस मिनिटं आई बोलते आणि ब्रदर ऐकतात. सुवार्ता सांगायची राहूनच जाते.

अनोळखी माणसाला गाठण्याची ही चाल काही आजची नाही. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत कवी नारायण वामन टिळकांना एक गोरा मिशनरी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, जाताना त्यानं नवा करार हातात ठेवला आणि 'दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' असं भाकीतही केलं, असं सांगतात. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. ब्रदरना ही गोष्ट तोंडपाठ आहे. फक्त त्या गाडीत आधी काव्यावर गप्पा झाल्या होत्या, हा भाग ते गाळतात. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढं काय काय सोसलं, तोही. त्यासाठी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचावं लागतं.

पुण्यात तर 1890 साली पंचहौद मिशनमधला चहा गाजला. मिशनऱ्यांकडच्या त्या चहाच्या कपापायी धर्म बाटला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. आता पौड रस्त्याच्या टपरीवर चहा लोकच ब्रदरना पाजतात आणि प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना ऐकतात.

सगळेच ब्रदर असे निरुपद्रवी नसतात. "गोळ्या फेकून दे, विश्वास ठेव," असं मधुमेहाच्या माणसाला सांगणाराही एक नमुना आहे. त्याच्यात विनोद नाही. त्याला पुढच्या स्टॉपवर उतरवावं. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क संविधानाच्या 25व्या कलमात आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 सालीच सांगितलं. आपले ब्रदर आधी विचारतात, "नको" म्हटलं की हसून खिडकीबाहेर बघतात आणि मनातल्या मनात करून टाकतात. त्याला कुठलंच कलम लागत नाही.

तेव्हा या रस्त्यावर ते शेजारी येऊन बसलेच, तर दुखणं खरं काय ते सांगा. ऐकतात चांगलं. फक्त उतरायचं कुठं आहे, ते आधी सांगून ठेवा.