ब्रह्मचाऱ्यांच्या मुलखात वऱ्हाड

बाहेरगावच्या पाहुण्यांना फिरवायचं काम लग्नघरात ज्याला दुसरं काही सांगण्याची कुणाची हिंमत होत नाही, त्याच्या गळ्यात पडतं. नवरदेवाचा धाकटा मामा या नात्याने ते माझ्याकडे आलं. मुलगा धुळ्याचा, मुलगी जळगावची, लग्न रविवारी जळगावला. पुण्या-ठाण्याची मंडळी शनिवारी सकाळीच धुळ्यात उतरली. थंडीचे दिवस होते हे त्यांचं नशीब. मे महिन्यात आम्ही पाहुण्याला फक्त कूलर दाखवतो.

"धुळ्यात बघण्यासारखं काही असतं का हो?" नवरदेवाच्या पुण्याच्या काकांनी विचारलं. मला चेव चढला. मी थेट तुरुंगापासून सुरुवात केली. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती जागच्या जागी उतरवून घेतली, आणि 'गीता प्रवचने' घरोघर पोचली. काका भिंतीकडे बघून म्हणाले, "बाहेरूनच बरं." तिथून राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य १९२६ साली धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. तरुणपणी बायको गेल्यावर त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. जुनी दप्तरं मिळवायला गावोगाव पायपीट केली.

मग समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं तिथे आहेत. नवरदेवही हौसेने बरोबर आला होता आणि एका पोथीसमोर जरा जास्तच वेळ रेंगाळला. माझ्या ठाण्याच्या ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळालेल्या माणसाच्या दारात तू लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला आणलंस?" तिने तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून आजीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "पोऱ्या पयी ग्या तं?" हळद संध्याकाळी होती ती दुपारीच लावायचं ठरलं. अंगाला हळद लागली की वेशीबाहेर पाऊल टाकता येत नाही, हा त्यातला कायदेशीर मुद्दा.

त्यानंतर काकांना छंदच लागला. विनोबा ब्रह्मचारी, साने गुरुजी अविवाहित, समर्थ तर बोलायलाच नको. जळगावकडे तरी? मी जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ सुचवलं. "संसारी खरे, पण १९०६ साली ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं," काका म्हणाले. मुक्ताईनगरला मुक्ताबाई, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. अजिंठ्यात सगळे भिक्खू. खानदेशात आणि खानदेशच्या वेशीवर लग्नाच्या पाहुण्यांना दाखवायला एक जोडपं म्हणून मिळेना.

रविवारी पहाटे बस निघाली. धुळे-जळगाव अंतर नव्वदेक किलोमीटर. पारोळ्याला मी ओरडून किल्ला दाखवला. "झाशीच्या राणीचं सासर, नेवाळकर, त्यांचा पारोळ्याशी संबंध!" सासर हा शब्द ऐकून बायका खिडकीकडे सरकल्या, तोवर किल्ला मागे गेला होता. एरंडोल म्हणजे पांडवांची एकचक्रानगरी अशी आमची श्रद्धा. तिथे पांडववाडा आहे, आणि बकासुराला गाडीभर अन्न जायचं ते याच गावातून. पुणेकरांना ही दंतकथा वाटली. जळगावच्या मांडवात मुलीकडच्यांनी आग्रह सुरू केला तेव्हा त्यांना ती बातमी वाटू लागली. वरण-बट्टीवर तुपाची धार धरणारा माणूस "पुरे" या शब्दाला "अजून" समजतो. काकांनी ताटावर आडवा हात धरला, तर तूप हातावरून गेलं.

सोमवार मोकळा होता. सगळ्यांनी एकमुखाने अजिंठा म्हटलं. अजिंठा सोमवारी बंद असतं. लग्न रविवारी ठेवणाऱ्या प्रत्येक जळगावकराला हे माहीत असतं, आणि तो ते सोमवारी सकाळी सांगतो.

मग बायकांनी सूत्रं हातात घेतली आणि बस सराफ बाजाराकडे वळली. ते स्थलदर्शन दीर्घकाळ चाललं. पुरुष पायऱ्यांवर बसून चहा पीत राहिले. तिथून जुन्या जळगावात बहिणाबाईंच्या वाड्यात गेलो. आसोद्याची लेक लग्न होऊन याच चौधरी वाड्यात आली. आता तिथे संग्रहालय आहे. जातं, चूल, भांडी. दळता-कांडताना सुचलेलं तिने स्वतः कधी लिहून ठेवलं नाही. ताई बराच वेळ चुलीपाशी उभी होती. "एक तरी संसारी बाई दाखवलीस," म्हणाली.

दुपारी मुलीच्या काकांच्या मळ्यात भरीत. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून लाकडी मुसळाने ठेचत होते, शेजारी कळण्याच्या भाकरी. पुण्याच्या काकांचा मुलगा, तिशी उलटलेला, गेले दोन दिवस मोबाइलमधून डोकं वर न काढणारा, एकाएकी चुळबुळ करू लागला. खाटेवर समोर चार-पाच अनोळखी बायका बसल्या होत्या. त्यांनी त्याचं शिक्षण विचारून झालं होतं, उंची डोळ्यांनी मोजून झाली होती, आणि विहिरीकडून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन सरळ त्याच्याकडेच येत होती. सकाळपासून बसमागे एक जीप का होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तो माझ्याकडे सरकला आणि हळूच म्हणाला, "मामा, ते वाग्देवता मंदिर संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं?"