मेटाडेटावाले नाना

नानांकडे पुस्तक मागायला जायचं तर वेळ काढून जावं. पुस्तक मिळतं, हमखास मिळतं. पण आधी चौकशी होते. "ईपब देऊ, एझेडडब्ल्यू-थ्री देऊ, की पीडीएफ? वाचणार कशावर? मोबाइलवर? अरे, डोळ्यांचं वाटोळं करून घ्यायचंय का? बरं, स्क्रीन किती इंची?" आपण बापडे रविवारची दुपार काढायला एखादी कादंबरी मागायला आलेलो असतो. कादंबरी कशी आहे, असं चुकून विचारलंच तर नाना चष्मा कपाळावर सरकवतात, माऊस फिरवतात आणि सांगतात, "छान आहे. दीड एमबी."

असे नाना ठाण्यात आहेत, कोथरूडला आहेत, नाशकात आहेत. न्यू जर्सीतल्या नानांकडे एखादी हार्ड डिस्क जास्तच असेल. मी ओळखतो ते डोंबिवलीचे. बँकेत आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं रिकन्सिलिएशनला. इथली नोंद तिथल्या नोंदीशी जुळते का बघायचं, आणि जुळली नाही तर जुळेपर्यंत घरी जायचं नाही. निवृत्त झाल्यावर मुलानं किंडल घेऊन दिलं आणि लॅपटॉपवर कॅलिबर टाकून दिलं. "आता निवांत वाचा," म्हणाला. नाना निवांत आहेत. वाचायचं तेवढं राहिलंय.

कॅलिबर म्हणजे ई-पुस्तकं लावून ठेवायचं, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलायचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्याची जन्मकथा नाना आख्यान लावल्यासारखी सांगतात. 2006 साल. कोविद गोयल नावाचा आपला एक मुलगा अमेरिकेत कॅलटेकला शिकत होता. त्यानं सोनीचं पीआरएस-500 हे वाचनयंत्र घेतलं, तर ते लिनक्सवर चालेना. "आपण काय केलं असतं? दुकानदाराशी भांडलो असतो. यानं सॉफ्टवेअर लिहिलं!" आधी त्याचं नाव होतं लिबपीआरएस500, कॅलिबर हे बारसं 2008 मधलं. सोनीचं ते यंत्र कधीच काळाआड गेलं, सॉफ्टवेअर मात्र दर थोड्या दिवसांनी नवं होतंय. नवी आवृत्ती बहुतेकदा शुक्रवारी येते. काकूंचा शुक्रवारचा उपास आणि नानांचं शुक्रवारचं अपडेट, दोन्ही चुकत नाहीत. 2020 च्या एप्रिलात काकूंनी पहिल्यांदाच स्क्रीनच्या तळाशी कर्त्याचं नाव वाचलं आणि लॅपटॉपपासून दोन पावलं मागे सरकल्या. "अहो, हे यालाही झालंय?"

'आधी मेटाडेटा, मग वाचन' हे नानांचं ब्रीद. मेटाडेटा म्हणजे पुस्तकाची जन्मकुंडली: नाव, लेखक, प्रकाशक, साल, मालिका, टॅग, मुखपृष्ठ. कॅलिबर लेखकाच्या नावातला शेवटचा शब्द आडनाव समजून उचलतं आणि पुढे नेऊन बसवतं. 'खांडेकर, वि. स.' इथवर ठीक. पण 'गुरुजी, साने' दिसले तेव्हा नानांना रात्रभर झोप लागली नाही. पाठोपाठ 'तुकाराम, संत' निघाले. पु. ल. देशपांडे तर चार जण होते. एक टिंबानंतर जागा सोडलेले, एक न सोडलेले, एक बिनटिंबाचे आणि एक इंग्रजीतले. "चार खाती, खातेदार एक!" म्हणत नानांनी चौघांना एका नावाखाली आणलं, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

टोपणनावांनी त्यांचा अंत पाहिला. कुसुमाग्रजांच्या कविता एका खात्यावर, शिरवाडकरांची नाटकं दुसऱ्या खात्यावर. एकत्र करावीत तर मुखपृष्ठाशी नोंद जुळत नाही, वेगळी ठेवावीत तर माणसाशी जुळत नाही. आणि आरती प्रभूंना नानांनी 'स्त्री-साहित्य' असा टॅग लावून टाकला होता. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, ते खानोलकर." काकू स्टेशनजवळच्या वाचनालयातून कागदाची पुस्तकं आणतात आणि वाचून परत करतात. ही पद्धत नानांना जरा अव्यवहारी वाटते. वाचलं आणि परत केलं, मग उरलं काय?

किंडलशी काकूंचं वेगळंच भांडण आहे. बंद केलं तरी त्यावर चित्र राहतं, म्हणून त्या येता-जाता "दिवा जळतोय तुमचा" म्हणतात. नाना समजावतात की ई-इंकच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या बारीक बारीक कुप्या असतात, वीज लागते ती कण हलवायला, एकदा जागेवर बसले की चित्र फुकट. "म्हणजे पान उलटलं तरच बॅटरी खर्च होते," असा काकूंनी त्याचा सारांश काढला. "तरीच तुमची महिना महिना टिकते."

चोरीच्या फाइली नाना घेत नाहीत, हे सांगायलाच हवं. व्हॉट्सअॅपवर कुणी गाजलेल्या पुस्तकाची पीडीएफ टाकली की नाना खाली कॉपीराइटचा कायदा लिहितात आणि ग्रुपमध्ये दोन दिवस शांतता पसरते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं साल धरून साठ वर्षं मोजायची, की पुस्तक सगळ्यांचं. त्यामुळे नानांना मराठी लेखकांच्या जन्मतारखा येत नाहीत. मृत्यूची सालं तोंडपाठ आहेत. साने गुरुजी 1950, म्हणजे 2011 पासून मोकळे. खांडेकर 1976, म्हणजे 2037 च्या एक जानेवारीला. "तेव्हा मी ब्याऐंशीचा. जमेल." पु. ल. गेले 2000 साली. इथे नाना बोटांवर 2061 पर्यंत जातात आणि सुस्कारा टाकतात. "पुलं विकतच घ्यावे लागणार." मराठी पुस्तकं किंडलवर 2016 च्या डिसेंबरात आली, तेव्हापासून ते घेतातही. घेतलेल्या पुस्तकांचा वेगळा टॅग आहे: 'पावतीसह'.

बॅकअपचा विषय मात्र काढू नये. 2009 साली अॅमेझॉननं ऑरवेलचं '1984' लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसलं होतं. ज्यानं विकलं त्याला विकायचा हक्कच नव्हता म्हणे, आणि पैसेही परत दिले. पण रात्री उशाशी ठेवलेलं पुस्तक सकाळी नाही, या कल्पनेनं नाना अजून हादरतात. म्हणून एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक मुलीकडे पुण्यात. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाची स्वतःची वेगळी प्रत काढून ठेवतं, म्हणजे डाउनलोडच्या फोल्डरात आणखी एक असतेच. न वाचलेलं पुस्तक एवढ्या ठिकाणी सुरक्षित असलेलं दुसरं घर मला माहीत नाही.

2022 साली तर कमाल झाली. नानांनी दीड महिना खपून सगळी लायब्ररी मोबी फॉरमॅटमध्ये आणली, आणि अॅमेझॉननं जाहीर केलं की किंडलला पाठवायला यापुढे मोबी नको, ईपब पाठवा. काकू म्हणाल्या, आता हे जेवणार नाहीत. नाना व्यवस्थित जेवले. पुढच्या दीड महिन्याची सोय झाली होती.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं मी ठरवलं होतं, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सरांचं प्रकरण उपटलं. सर शाळेत मराठी शिकवायचे. काचबिंदूनं दृष्टी गेली. त्यांच्या मुलीनं कॉम्प्युटरवर एनव्हीडीए बसवून दिलं. पडद्यावरचा मजकूर ते मोठ्यानं वाचून दाखवतं. तेही फुकट आणि, नाना आवर्जून सांगतात, तेही 2006 चंच. सरांना हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' पुन्हा ऐकायची होती. हरिभाऊ 1919 ला गेलेले, कायद्याची अडचण नाही. नानांनी पीडीएफ दिली. कॉम्प्युटर गप्प. स्कॅन केलेलं पान म्हणजे यंत्राच्या लेखी नुसता फोटो, त्यात अक्षर एक नाही.

पुस्तक आहे आणि वाचता येत नाही, म्हणजे नोंद जुळत नाही. नाना पेटले. टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखतं, मराठीही ओळखतं. पण जुनी छपाई, पिवळा कागद, त्यामुळे नायिका यमूची जागोजाग पमू झाली. आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला, टेसरॅक्टनं 'ध' चा 'घ'. नानांनी धडाधड 'घ' काढून सगळीकडे 'ध' घालायचा हुकूम सोडला आणि झोपायला गेले. सकाळी सरांचा फोन. "नाना, ही यमू धरात काय करतेय?" घरांची धरं झाली होती, घागरींच्या धागरी झाल्या होत्या, आणि सुरुवातीलाच ते यंत्र सपाट आवाजात विचारत होतं, पण लक्षात कोण धेतो.

मग नाना स्कॅन एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला उघडून बसले, ओळीनं ओळ जुळवत. चार महिने. पान झालं की वहीत टिकमार्क. टॅग, मुखपृष्ठं, शुक्रवार, सगळं मागे पडलं. काकूंनी मला एकदा हळूच सांगितलं, "यमूचं केशवपन येतं ना, त्या रात्री ह्यांनी लॅपटॉप लवकर मिटला. मी म्हटलं, चुका फार आहेत का? तर म्हणाले, त्या पानावर चूक नाही गं एकही."

कादंबरी ऐकून संपली तेव्हा सरांनी आम्हाला चहाला बोलावलं. शब्द न् शब्द कळला म्हणाले. मग शिक्षकी सवयीनं नानांना विचारलं, "तुम्हाला शेवट कसा वाटला?"

नानांनी बशीत चहा ओतला. "शेवट व्यवस्थित आहे. एकही पान गळलेलं नाही."

सर हसले, आणि म्हणाले की आता आणखी एक मनात आहे. तरुणपणी वाचलेलं, पुन्हा कधी हाती लागलं नाही. त्यांनी पुस्तकाचं नाव सांगायच्या आत नाना खिशातलं पेन काढून पुढे सरसावले.

"लेखक कधी वारले?"